दात कोरून कर्ज फिटतं का?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. लांबलचक होतं, थोडं कापून देते.

"आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरी करतो. घरात सासूबाई आणि अकरा वर्षांची मुलगी. चार वर्षांपूर्वी घर घेतलं, २० वर्षांच्या कर्जावर, व्याज ८.५ टक्के. सहा महिन्यांपूर्वी बँकेचं स्टेटमेंट पहिल्यांदा नीट वाचलं आणि पोटात गोळाच आला. एकही हप्ता चुकवला नाही, तरी मुद्दल जेमतेम हललंय. त्या दिवसापासून मी वही सुरू केली. दिवे, पंखे, गाडी, बाहेरून मागवलेलं जेवण, सगळ्याची नोंद. सासूबाई काही बोलत नाहीत, पण मी खोलीत शिरले की उठून पंखा बंद करतात. नवरा म्हणतो, 'दात कोरून पोट भरत नाही, तू उगाच सगळ्यांना जाचतेस.' गेल्या आठवड्यात मुलीच्या दप्तरात शाळेच्या सहलीची चिठ्ठी सापडली. तिनं दाखवलीच नव्हती. विचारलं तर म्हणाली, 'आपल्यावर कर्ज आहे ना.' मला रात्रभर झोप लागली नाही. वहीप्रमाणे सहा महिन्यांत बरीच बचत झालीय, पण ती नेमकी कुठे आहे हेही मला सांगता येत नाही. कर्ज लवकर फेडायचं माझं खूळ सोडून देऊ का?"

सहलीची शेवटची तारीख गेली नसेल तर आधी ते पैसे भरा, मग पुढचं वाचा. गेली असेल तर शाळेत फोन करून बघा, बहुतेक वेळा एखादी जागा निघते.

खूळ सोडू नका. वही मात्र बदलावी लागेल, आणि ती का बदलायची हे कळायला थोडे आकडे बघावे लागतील. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे जमाखर्च तपासले, त्यामुळे आकड्यांशिवाय मला सल्ला देताच येत नाही. तुम्ही कर्जाची रक्कम कळवली नाहीत, पण तिच्यावाचून अडत नाही. आपण तुमचा हप्ता हेच माप धरू.

२० वर्षं म्हणजे २४० हप्ते. ८.५ टक्के दराने हे गणित मांडलं तर तुम्ही घेतलेलं मुद्दल साधारण ११५ हप्त्यांएवढं भरतं. बाकीचे १२५ हप्ते निव्वळ व्याजाचे. म्हणजे घर एक आणि फेडताय दोनांहून जास्त. पहिल्या हप्त्याचे शंभर भाग केले तर त्यातले ८२ व्याजात गेले आणि १८ मुद्दलात. आज, चार वर्षांनंतरही, ७४ व्याजातच जातायत. तुम्ही ४८ हप्ते भरलेत आणि मुद्दल उतरलंय फक्त साडेदहा हप्त्यांएवढं. दर असाच राहिला तर निम्मं मुद्दल फिटेपर्यंत चौदावं वर्ष संपत आलेलं असेल.

यात बँकेने काही लबाडी केलेली नाही. दर महिन्याला शिल्लक मुद्दलावर व्याज आकारलं जातं, हप्त्यातून आधी ते वळतं होतं, उरलं तर मुद्दलाच्या वाट्याला. सुरुवातीला मुद्दल मोठं, म्हणून व्याज मोठं, म्हणून उरतं थोडं. तुमच्या पोटात जो गोळा आला तो खरा आहे, फक्त चार वर्षं उशिरा आला. बहुतेकांना तो येतच नाही, कारण स्टेटमेंटचा कागद पाकिटातून बाहेर निघत नाही.

आता हेच गणित उलटं फिरवा. आज तुम्ही एक हप्ता जादा भरलात, तोही थेट मुद्दलात, तर कर्जाच्या शेपटाकडचे जवळजवळ चार हप्ते गळून पडतात. एकाला चार. कारण तेवढ्या मुद्दलावर पुढची १६ वर्षं जे व्याज चढत राहिलं असतं ते आता चढणारच नाही. तोच जादा हप्ता शेवटची पाच वर्षं उरलेली असताना भरलात तर जेमतेम दीड हप्ता गळतो. म्हणून काटकसर करायची तर ती आत्ता. 'मुलगी मोठी झाली की बघू', 'पगार वाढला की बघू' म्हणत बसलात तर त्याच पैशाची ताकद अर्ध्याहून खाली आलेली असते.

तुमच्या यजमानांच्या म्हणीकडे येते. म्हण खरी आहे, पण या कर्जाला ती लागू पडत नाही. हप्त्याच्या फक्त ५ टक्के रक्कम दर महिन्याला जास्त गेली, तर उरलेले १९२ हप्ते १७४ वर येतात. दीड वर्ष आधी सुटका. १० टक्के जास्त गेली तर १५९ वर, म्हणजे पावणेतीन वर्षं आधी, आणि खिशातून जाणाऱ्या एकूण पैशात १७ हप्त्यांची बचत. हप्त्याचा दहावा भाग म्हणजे दोन पगारांच्या घरात दात कोरण्याएवढंच आहे की नाही, तुम्हीच बघा. त्यांना हे आकडे तोंडी सांगू नका. कागदावर लिहून स्टेटमेंटशेजारी ठेवा आणि दुसऱ्या खोलीत जा. आकड्याशी माणूस वाद घालत नाही. बायकोशी घालतो.

पण त्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट बरोबर आहे, आणि ती तुमच्याच पत्रात शेवटी आलीय. बचत झाली, पण ती कुठे आहे? मी सांगते. खर्च झाली. पंख्याचे वाचलेले पैसे खात्यातच राहिले, खात्यात शिल्लक जरा बरी दिसली, म्हणून कुणीतरी मोबाईल बदलला, कुणीतरी अचानक पाहुण्यांना घेऊन बाहेर जेवायला गेलं. यात कुणाचा दोष नाही. नाव नसलेला पैसा असाच जातो. रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञाला २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच्या कामातला एक भाग हाच होता: माणूस मनातल्या मनात पैशाची वेगवेगळी खाती पाडतो आणि ज्या खात्याचं नाव असेल त्यासाठीच तो पैसा वापरतो. आपल्या आज्यांना हे नोबेलशिवाय ठाऊक होतं, त्या डब्यांना नावं द्यायच्या. तुमच्या वहीत 'वाचले' असा रकाना आहे. तिथे 'मुद्दलात भरले' असा रकाना हवा होता. सहा महिन्यांत कर्जखात्यात एक पैसाही जादा गेलेला नाही. घरातल्या माणसांनी मात्र सहा महिने अंधारात काढले, आणि कर्जाला त्याचा पत्ताही नाही.

म्हणून पहिला बदल असा. महिन्याच्या शेवटी उरेल ते भरायचं हा विचार डोक्यातून काढून टाका. पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम कर्जखात्यात आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. छोटी रक्कम धरा, वाटल्यास ५ टक्क्यांनीच सुरुवात करा. आधी भरा, मग उरलेल्यात भागवा. काटकसर मग आपसूक होते, कारण खात्यात पैसेच कमी दिसतात. दिवे मोजत बसावं लागत नाही.

दुसरा बदल वहीचा. ती तीन महिने ठेवायची असते, जन्मभर नाही. गळती कुठे आहे ते तीन महिन्यांत कळतं. त्यानंतरची वही म्हणजे घरातली चौकी होते, आणि चौकीसमोर माणसं काय करतात ते तुमच्या सासूबाई दाखवतायत. त्यांना गरम होतंय हो! एका पंख्याने तुमच्या कर्जात डोळ्यांत भरेल असा फरक पडणार नाही. उद्या त्यांच्या खोलीत जा, स्वतःच्या हाताने पंखा लावा आणि पाच मिनिटं तिथेच बसा. काही बोलायची गरज नाही, त्यांना कळेल.

वही नुसती चाळली तरी तुम्हाला दोन जातीचे खर्च दिसतील. एका जातीत रोज मन मारावं लागतं: हे नको, ते बंद कर, आज चालत जा. दुसऱ्या जातीत एकदाच निर्णय घ्यायचा असतो, मग दर महिन्याला पैसे आपोआप वाचतात आणि कुणाला काही जाणवतही नाही. मी नेहमी दुसऱ्या जातीपासून सुरुवात करायला सांगते. घरात किती ठिकाणी महिन्याची वर्गणी जाते ते मोजा. कुणी बघत नाही अशी चॅनेलं, कुणी जात नाही अशी व्यायामशाळा, मोबाईलचा गरजेपेक्षा मोठा प्लॅन, वर्षानुवर्षं किंमत न तपासता नूतनीकरण होत गेलेला गाडीचा विमा, दोन बँकांत दोन क्रेडिट कार्डांची वार्षिक फी. आणि मोठा मासा गाडी. दोन गाड्या असतील तर दुसरीचं इंधन, विमा, दुरुस्ती आणि दरवर्षी उतरणारी किंमत, हे चारही एकत्र मांडून बघा. गाडी विका असं मी म्हणत नाही, पण आकडा माहीत हवा. माझ्या ओळखीतल्या एका घरात फक्त हा कागद मांडल्यावर दुसरी गाडी बदलायचा बेत तीन वर्षं पुढे गेला. कुणी कुणाला अडवलं नव्हतं.

हप्त्याच्या दहाव्या भागाचं बहुतेक काम अशा चार-पाच निर्णयांत भागतं. राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी ज्याला जमतील त्याने कराव्यात. मला स्वतःला शिळ्यापाक्याचं नवीन काहीतरी करायला आवडतं, म्हणून मी ते करते. माझ्या नवऱ्याला फाटक्या चपला दुरुस्त करून वापरायचं वेड आहे. दोघांनी एकमेकांचं वेड दुसऱ्यावर लादलेलं नाही, आणि म्हणूनच आम्ही अजून एकत्र जेवतो.

पगारवाढीचं मात्र नक्की ठरवा, आणि ती व्हायच्या आधीच ठरवा. वाढलेला पैसा एकदा घरात मुरला की परत काढता येत नाही. समजा पुढच्या वर्षापासून, म्हणजे कर्जाच्या पाचव्या वर्षापासून, तुम्ही कर्जात जाणारी एकूण रक्कम दरवर्षी फक्त ५ टक्क्यांनी वाढवत नेलीत. पहिल्या वर्षी आजच्या हप्त्यावर ५ टक्के, पुढच्या वर्षी त्यावर आणखी ५. तर उरलेली १६ वर्षं साधारण सव्वादहा वर्षांत संपतात. मी हे दोनदा मोजलं, कारण मलाही खरं वाटलं नव्हतं. तसंच दुसरा एखादा हप्ता संपला, गाडीचा, फ्रिजचा, कशाचाही, तर त्याच महिन्यापासून तो इकडे वळवा. त्याच्याविना जगायची सवय तुम्हाला आधीच असते.

आता ब्रेक कुठे लावायचा ते. कर्जात भरलेला पैसा भिंतीत जातो. उद्या नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं, तर विटा काढून दवाखान्यात देता येत नाहीत. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आणि सहा हप्ते सहज काढता येतील अशा ठिकाणी आधी बाजूला हवेत. ते नसतील तर जादा भरणा थांबवून आधी ते उभे करा. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती सगळ्यांत आधी फेडा, तिचं व्याज गृहकर्जाच्या कितीतरी पट असतं. आयुर्विमा, आरोग्यविमा आणि म्हातारपणाची तजवीज यांना हात लावू नका. आणि कुणी म्हटलं, 'कर्ज कशाला फेडता, तेच पैसे गुंतवा', तर त्याला शांतपणे विचारा की कर कापून हातात ८.५ टक्क्यांहून जास्त, आणि तेही हमखास, कोण देतं. बाजारात कधी जास्त मिळतं, कधी मुद्दलही बुडतं. कर्जातून वाचलेलं ८.५ टक्के मात्र ठरलेलं आहे. कर्जाच्या व्याजावर करसवलत मिळत असेल तर ती हिशोबात धरा, पण निव्वळ सवलतीसाठी व्याज भरत राहणं म्हणजे चार आण्याच्या परताव्यासाठी रुपया खर्च करणं.

बँकेत काय करायचं ते जरा सविस्तर सांगते, कारण इथे मी स्वतः ठेच खाल्लीय. आमच्या कर्जात आम्ही पहिल्यांदा जादा पैसे भरले तेव्हा मी मोठ्या खुशीत होते. पुढच्या महिन्यात हप्त्याची तारीख आली आणि खात्यातून पैसे गेलेच नाहीत. मला वाटलं, काहीतरी सवलत असेल. तिसऱ्या वेळेला शंका आली, स्टेटमेंट मागवलं. बँकेने आमचे जादा पैसे 'आगाऊ हप्ता' म्हणून धरले होते. म्हणजे मुद्दलावर घाव बसलाच नव्हता, आम्ही फक्त पुढचा हप्ता आधी भरत होतो. तेव्हापासून मी प्रत्येक भरण्याबरोबर चार ओळींचा अर्ज देते: ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी, आणि परतफेडीचं नवं वेळापत्रक द्यावं. पोच घेते. पुढच्या स्टेटमेंटमध्ये मुद्दल खरंच तेवढं उतरलंय का ते बोट ठेवून बघते.

मुदत कमी करायची की हप्ता, हे काही बँका विचारतात, काही परस्पर हप्ता कमी करून मोकळ्या होतात. कमी हप्ता ऐकायला गोड वाटतो, पण त्यात कर्ज पुन्हा तेवढीच वर्षं रेंगाळतं आणि व्याजाची बचत बरीच घटते. हप्ता कमी झालाच असेल तर घाबरू नका. जुन्या हप्त्याएवढीच रक्कम भरत राहा, वरचा फरक मुद्दलात. परिणाम तोच होतो, शिवाय एखादा महिना अडचणीचा गेला तर सक्तीचा हप्ता लहान असतो. खरं सांगायचं तर मला ही पद्धत जास्त आवडते, पण तिला शिस्त लागते. सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी करारात वाचा: मुदतीआधी भरण्यावर दंड आहे का (ठरावीक दराच्या कर्जात तो असू शकतो) आणि एका वेळी कमीत कमी किती रक्कम घेतात. दर बदलता असेल तर आणखी एक. दर वाढला की पुष्कळदा हप्ता तोच राहतो आणि मुदत गुपचूप लांबते. तुमचे १९२ हप्ते आज खरोखर १९२च आहेत का, हे आधी पाहा.

मुलीचं राहिलं. तिला कर्जातून वगळू नका, धाकातून वगळा. आमच्याकडे कपाटाच्या आतल्या दारावर चौकटींचा एक मोठा कागद चिकटवलेला होता. एका रांगेत १२ चौकटी, वर्षाची एक रांग. दर महिन्याचा हप्ता गेला की वरून एक चौकट रंगवायची. जादा भरणा केला की वेळापत्रक बघायचं आणि जितके हप्ते गळले तितक्या चौकटींवर खालून फुली मारायची. ती फुली मारण्यावरून आमच्या मुलांची भांडणं व्हायची. खालची आख्खी रांग पहिल्यांदा गेली त्या दिवशी धाकटा म्हणाला, "म्हणजे हे वर्ष आपल्याला येणारच नाही?" त्याला समजावून सांगता सांगता माझी हसून पुरेवाट झाली. तुमच्या कागदावर १६ रांगा येतील. वरून रंगवायचं काम सासूबाईंना द्या, खालून फुल्या मुलीला. आणि एक रांग निम्मी झाली की सगळ्यांना मिळून काहीतरी मजेचं करायला थोडे पैसे बाजूला काढा. त्याचीही नोंद करा, खुशाल, खर्चाच्या बाजूला.

यजमानांना चौकटी आखायला लावा. फूटपट्टी घेऊन १९२ चौकोन आखणाऱ्या माणसाला ते रिकामे बघवत नाहीत. आणि कुठले खर्च बंद करायचे त्या यादीत पहिलं नाव त्यांना लिहू द्या, तुमच्या वहीतलं नाही, त्यांच्या मनातलं. ते काय लिहितात ते मला नक्की कळवा.